गोळ्या सुरू झाल्या आणि चट्टे लाल झाले : एचआयव्ही, कुष्ठरोग आणि 'रिअ‍ॅक्शन'



३० जानेवारीला आपल्या शाळांमध्ये कुष्ठरोग निवारण दिनाची प्रतिज्ञा होते. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची फेरी निघते. दोन्ही वेळी फलक रंगवले जातात, घोषणा होतात, मुलं निबंध लिहितात. पण हे दोन्ही आजार एकाच माणसाच्या शरीरात एकत्र आले तर काय होतं, हे त्या फलकांवर कुठेच नसतं. आजचा पाठ त्याबद्दल आहे. विषय थोडा अवघड वाटेल, पण पायरी-पायरीने गेलो तर आठवी-नववीच्या विज्ञानाच्या आधारावर तो सहज समजतो.

पाठाचा प्रश्न

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना एचआयव्हीची लागण आहे. निदान उशिरा झालं, तोवर अंगातली ताकद गेली होती, वजन उतरलं होतं. जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात भूक लागू लागली, वजन वाढलं, घराला जरा हायसं वाटलं. आणि दुसऱ्या महिन्यात गालावर आणि दंडावर लालभडक, सुजलेले चट्टे उठले. कोपराजवळची नस ठणकू लागली. करंगळीला मुंग्या यायला लागल्या.

शेजारी म्हणतात, "गोळ्या गरम पडल्या. बंद करा बघू आधी." घरच्यांनाही ते पटतं. कारण गोळ्या घेण्याआधी हे काहीच नव्हतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता तुम्ही सांगा, गोळ्या बंद करायच्या का? की थोडे दिवस वाट पाहायची? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे समजून घेणं म्हणजेच आजचा पाठ.

आधी कुष्ठरोगाच्या जंतूची ओळख

कुष्ठरोग 'मायकोबॅक्टेरियम लेप्रे' नावाच्या जिवाणूमुळे होतो. नॉर्वेतल्या बर्गन शहरात डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. म्हणून या रोगाला 'हॅन्सनचा आजार' असंही म्हणतात. शाप, पाप, आनुवंशिकता यांचा इथे काही संबंध नाही, हे त्या वर्षीच स्पष्ट व्हायला सुरुवात झाली होती.

या जिवाणूच्या तीन सवयी लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिली सवय म्हणजे तो अतिशय संथ आहे. बरेचसे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात एकाचे दोन होतात. याला त्यासाठी साधारण १२ ते १४ दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात, कधी २० वर्षंही.

दुसरी सवय, त्याला थंडावा आवडतो. शरीराच्या आतल्या उष्ण भागांपेक्षा त्वचा, नाक, कानाची पाळी आणि त्वचेलगत जाणाऱ्या नसा इथे तो राहतो.

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची. तो मज्जातंतूंमध्ये, म्हणजे बोलीत आपण ज्यांना नसा म्हणतो त्यांच्यात, मुक्काम करतो. म्हणूनच चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही.

आता एक गोष्ट अनेकांना धक्का देते. हा जंतू स्वतः फारसा विषारी नाही. कुष्ठरोगात नसांचं जे नुकसान होतं, त्याचा मोठा वाटा आपल्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीचा असतो. जंतू नसेत बसलेला, आणि त्याला हुसकावायला गेलेल्या आपल्याच पेशी तिथे दाह निर्माण करतात. या दाहात नस सापडते.

प्रतिकारशक्ती कमी-जास्त, तसा कुष्ठरोग वेगवेगळा

एकाच जंतूमुळे दोन माणसांत अगदी निराळा आजार दिसतो. ज्याची या जंतूविरुद्धची प्रतिकारशक्ती चांगली, त्याच्या अंगावर एक-दोन स्पष्ट, बधिर चट्टे दिसतात आणि जंतू फार थोडे असतात. याला 'ट्युबरक्युलॉइड' प्रकार म्हणतात. ज्याची प्रतिकारशक्ती या जंतूपुढे जवळजवळ गप्पच असते, त्याच्या त्वचेत असंख्य जंतू असतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात. हा 'लेप्रोमॅटस' प्रकार. या दोन टोकांच्या मध्ये जे असतात ते 'बॉर्डरलाइन'. १९६६ मध्ये रिडले आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी ही मांडणी पक्की केली आणि ती आजही वापरात आहे.

मधल्या प्रकारचे रुग्ण स्थिर नसतात. प्रतिकारशक्ती जरा वर गेली, जरा खाली आली, की आजाराचं रूप बदलतं. हे वाक्य मनात ठेवा, लगेच लागणार आहे.

'रिअ‍ॅक्शन' म्हणजे नेमकं काय?

आपण 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा औषधाची अ‍ॅलर्जी म्हणायची असते. कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन वेगळी. शांत असलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती अचानक उसळते आणि दाह होतो, त्याला 'लेप्रा रिअ‍ॅक्शन' म्हणतात. ती उपचारांआधी, उपचार चालू असताना किंवा उपचार संपल्यावरही येऊ शकते. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत.

प्रकार १ : जुने चट्टे लाल होतात, फुगतात, गरम लागतात. कधी नवे चट्टे उठतात. हातापायांवर सूज येते. नसा दुखतात, सुजतात आणि थोड्याच दिवसांत हाताची किंवा पायाची ताकद जाऊ शकते. बॉर्डरलाइन रुग्णांत हा प्रकार जास्त दिसतो.

प्रकार २ : अंगावर अचानक दुखऱ्या, लाल गाठी येतात. सोबत ताप, सांधेदुखी, कधी डोळे लाल होणं. ज्यांच्या अंगात जंतू खूप आहेत त्यांच्यात हा प्रकार दिसतो.

एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर जी रिअ‍ॅक्शन येते, ती बहुतांशी प्रकार १ ची असते. आता त्याचं कारण पाहू.

पहारेकरी झोपले होते, ते जागे झाले

एचआयव्ही हा विषाणू आपल्या रक्तातल्या 'सीडी४' नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादम. कोणावर चाल करायची, कुठे माणसं पाठवायची, हे त्या ठरवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की शरीर फार दुबळं होतं.

मुलांना सांगायचं तर असं सांगा. गावात रात्री गस्त घालणारे पहारेकरी आहेत. ते आजारी पडून झोपून राहिले. तेवढ्या काळात दोन-चार चोर एका घराच्या माळ्यावर येऊन राहिले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गावाला वाटतं, सगळं शांत आहे. मग पहारेकऱ्यांना औषध मिळालं, ते बरे झाले, गस्तीला निघाले आणि त्यांना माळ्यावर चोर सापडले. आता धुमश्चक्री होणारच. त्या धुमश्चक्रीत घराची कौलंही फुटतात, विजेच्या ताराही तुटतात.

चोर म्हणजे कुष्ठरोगाचे जंतू. माळा म्हणजे त्वचा आणि नसा. पहारेकऱ्यांचं औषध म्हणजे एआरटी. आणि तुटलेल्या तारा म्हणजे दुखावलेले मज्जातंतू.

एआरटी घेतल्यावर रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होतो आणि सीडी४ पेशी पुन्हा वाढू लागतात. ज्या जंतूंकडे शरीराने इतके दिवस पाहिलंच नव्हतं, ते आता 'दिसू' लागतात. परतलेली प्रतिकारशक्ती जोरात कामाला लागते. या प्रकाराला डॉक्टर 'आयरिस' म्हणतात. आपण त्याला प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह म्हणू. हे फक्त कुष्ठरोगात होतं असं नाही. क्षयरोगात, म्हणजे टीबीत, ते आणखी जास्त वेळा दिसतं.

म्हणजे शेजाऱ्यांचं निरीक्षण खरं होतं. चट्टे खरोखरच गोळ्या सुरू झाल्यावर आले. चुकला तो त्यावरून काढलेला अर्थ. गोळ्यांनी कुष्ठरोग आणलेला नाही. तो कदाचित काही वर्षांपासून अंगात होताच. गोळ्यांमुळे शरीर जागं झालं आणि लपलेलं उघड्यावर आलं.

हे डॉक्टरांच्या लक्षात कधी आलं?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये त्या वेळच्या मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, सापडले. तेव्हा जगभरच्या कुष्ठरोगतज्ज्ञांना एक भीती होती. एचआयव्हीमुळे टीबी वाढतो, मग त्याच कुळातला कुष्ठरोगही वाढेल. गंभीर, लेप्रोमॅटस रुग्णांची संख्या वाढेल, असं वाटत होतं. प्रत्यक्षात झालेल्या अभ्यासांमध्ये तशी वाढ दिसली नाही. दोन्ही आजार एकत्र असलेल्या माणसांतही कुष्ठरोगाचं रूप बरंचसं नेहमीसारखंच राहिलं.

भीती खरी ठरली नाही, पण न कल्पिलेली गोष्ट समोर आली. परिणामकारक एआरटी आल्यानंतर, २००३ मध्ये, मूळ युगांडाच्या आणि लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. एआरटी सुरू केल्यावर त्या रुग्णात बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड कुष्ठरोग प्रकट झाला होता. प्रतिकारशक्ती परतल्यामुळे कुष्ठरोग उघड झाल्याची ही पहिली नोंद मानतात. त्यानंतर ब्राझील, भारत अशा कुष्ठरोग असलेल्या देशांमधून अशा नोंदी येऊ लागल्या. २०१० मध्ये ब्राझीलच्या पॅट्रिशिया डेप्स आणि लंडनच्या डायना लॉकवूड यांनी तो ओळखण्याच्या खुणा मांडल्या. त्या खुणा सोप्या भाषेत अशा :

१. एआरटी सुरू केल्यापासून ६ महिन्यांच्या आत कुष्ठरोग किंवा त्याची रिअ‍ॅक्शन दिसणे.
२. एचआयव्हीचा आजार बराच पुढे गेलेला असणे.
३. औषधांआधी सीडी४ पेशी कमी असणे.
४. औषधांनंतर त्या वाढलेल्या असणे.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. ज्या वेळी चट्टे लाल होतात, त्याच वेळी रक्ताचा अहवाल सुधारलेला असतो. घरच्यांच्या डोळ्यांना आजार वाढलेला दिसतो आणि कागदावर माणूस सावरत असतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

महाराष्ट्राला कुष्ठरोग नवा नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभं केलं. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं. डिसेंबर २००५ मध्ये देशाने कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' साध्य केल्याचं जाहीर झालं. पण त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दर १०,००० लोकांमागे उपचारावरचे रुग्ण एकापेक्षा कमी, इतकाच तो अर्थ. रोग संपला असा नाही. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात.

दुसरीकडे एचआयव्हीची मोफत औषधं सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीच्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. २०१७ पासून धोरण असं आहे की एचआयव्हीचं निदान झालं की सीडी४ किती हे न पाहता सर्वांना औषधं सुरू करायची. याचा एक फायदा आपल्या विषयातही आहे. पेशी फार घसरण्याआधीच औषधं सुरू झाली तर असा उसळणारा दाह होण्याचा धोका कमी राहतो. अडचण उरते ती उशिरा तपासणीला येणाऱ्यांची. आणि लोक उशिरा का येतात, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. लोक काय म्हणतील, हीच भीती.

गोळ्या बंद का करायच्या नाहीत?

एआरटी मध्येच थांबवली की विषाणू पुन्हा वाढतो, सीडी४ पेशी पुन्हा घसरतात. औषधांना दाद न देणारा विषाणू तयार होण्याचाही धोका असतो. चट्टे कदाचित मावळतील, कारण पहारेकरी पुन्हा झोपतील. पण माळ्यावरचे चोर तिथेच राहतील. जिवावरचा धोका मात्र परत येईल.

आणि वाट का पाहायची नाही?

नस एका घट्ट आवरणातून जाते. सुजलेल्या हातात अडकलेली बांगडी आठवा. हात फुगतो, बांगडी फुगत नाही, आणि सगळा दाब आत पडतो. नसेचंही तसंच होतं. हा दाब लवकर उतरला तर नस सावरते. नसेचं नुकसान ६ महिन्यांच्या आतलं असेल तर उपचारांनी ते भरून येण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती कमी होत जाते. म्हणून 'पंधरा दिवस बघू, महिनाभर बघू' म्हणण्यात हात-पाय जातो. वाकडी बोटं, पडलेला पाय, न मिटणारी पापणी हे सगळं अशा वाया गेलेल्या दिवसांतून येतं.

मग उपचार काय करतात?

तीन गोष्टी एकाच वेळी चालू राहतात.

पहिली, एआरटी. ती चालूच ठेवतात.

दुसरी, कुष्ठरोगावरची बहुविध औषधोपचार पद्धती म्हणजे एमडीटी. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही त्यातली औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये तिची शिफारस केली. आजाराच्या प्रकारानुसार ती ६ किंवा १२ महिने घ्यायची असते आणि सरकारी केंद्रांत मोफत मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची शक्यता उरत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं की रिफॅम्पिसिनमुळे लघवी लालसर होते आणि क्लोफॅझिमिनमुळे त्वचा काळपट पडते. यात घाबरण्यासारखं काही नाही. औषध संपल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो.

तिसरी, दाह शमवणारं औषध, बहुधा प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड. ते काही महिने चालतं आणि डॉक्टर त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. बरं वाटलं म्हणून ते एकदम थांबवणं धोक्याचं आहे. दुकानातून आपल्या मनाने आणून घेणंही तितकंच धोक्याचं. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढू शकते, दुसरा एखादा जंतुसंसर्ग बळावू शकतो. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत तर डॉक्टरांची नजर हवीच. दुखऱ्या हाताला किंवा पायाला विश्रांती देतात, गरज पडली तर आधारपट्टी बांधतात.

इथे एक सावधगिरी. गोळ्या सुरू झाल्यावर अंगावर उठलेलं सगळंच कुष्ठरोगाचं नसतं. एचआयव्हीच्या काही औषधांची आणि डॅप्सोनचीही खरी अ‍ॅलर्जी येऊ शकते. पूर्ण अंगभर पुरळ, खाज, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कावीळ अशी लक्षणं असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. अशा वेळी कोणतं औषध थांबवायचं आणि त्याच्या जागी कोणतं द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. घरी बसून हा निर्णय कोणीच घेऊ नये. दोन दवाखान्यांत उपचार चालू असतील तर दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे दाखवावेत. एका डॉक्टरला एचआयव्ही माहीत नाही आणि दुसऱ्याला चट्टे माहीत नाहीत, यात रुग्णाचंच नुकसान होतं.

घरच्या घरी काय पाहता येतं?

रोगनिदान आपलं काम नाही. पण वेळेत लक्षात येणं आपल्या हातात आहे.

- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही. आरोग्य कर्मचारी रुग्णाला डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक हलकेच टेकवतात आणि कुठे टेकवलं ते दाखवायला सांगतात. इतकी साधी ती तपासणी असते.
- जुना चट्टा अचानक लाल, फुगीर, गरम होणं.
- कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत दुखणं. बाकाची कड लागली की जिथून करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस. करंगळी बाजूला नेता न येणं ही तिची खूण.
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली दुखणं. पाऊल वर उचलता न येणं, चालताना चप्पल पायातून निसटणं आणि ते लक्षातही न येणं.
- डोळा पूर्ण न मिटणं.
- स्वयंपाक करताना भाजलं तरी न कळणं, पायाला जखम होऊनही दुखलं नाही असं होणं.

यातलं काहीही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई किंवा एआरटी केंद्रातले समुपदेशक यांच्याकडे जायचं. एआरटी घेणाऱ्याने पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घरातल्या इतरांचीही तपासणी होते आणि योग्य असेल त्यांना प्रतिबंध म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

शिक्षक म्हणून आपलं काम

वरच्या उदाहरणातली मुलगी आपल्या वर्गात आहे असं धरून चाला. तिच्या वडिलांना काय झालंय हे आपल्याला कळलंच तर ते आपल्यापाशीच राहायला हवं. शिक्षक-कक्षातसुद्धा नको. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करणं आणि शाळेत, नोकरीत, दवाखान्यात त्यावरून भेदभाव करणं या कायद्याने मना आहे. कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी केलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूदही २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यात आली. कायद्याने आपलं काम केलं. 'महारोगी' हा शब्द वर्गातून आणि घरातून काढणं मात्र कायदा करू शकत नाही, ते आपल्याकडे आहे.

मुलं प्रश्न विचारतील. काही उत्तरं तयार असावीत.

"सर, लाल झालेला चट्टा आपल्याला लागेल का?" रिअ‍ॅक्शन संसर्गजन्य नसते. ती त्या माणसाच्या शरीरातली लढाई आहे. कुष्ठरोगाची लागण उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासातच होऊ शकते. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एकत्र डबा खाल्ल्याने तो लागत नाही.

"बाई, एचआयव्ही असलेल्याला कुष्ठरोग होतोच का?" नाही. दोन्ही आजारांचे मार्ग वेगळे आहेत. एकाच माणसाला दोन्ही असणं तसं विरळ आहे.

"मग ती गोळी वाईट का?" नाही. त्या गोळीमुळेच माणूस जगतो, कामावर जातो, मुलांना शाळेत सोडायला येतो.

वर्गासाठी सराव

१. कुष्ठरोगाच्या लागणीपासून लक्षणं दिसेपर्यंत इतकी वर्षं का जातात? जंतूच्या वाढीच्या वेगावरून उत्तर लिहा.
२. 'आधी गोळी, मग चट्टा, म्हणून गोळीमुळे चट्टा' या तर्कात काय राहून गेलं? रोजच्या जगण्यातलं असंच एक उदाहरण द्या.
३. पहारेकरी आणि चोर यांच्या गोष्टीत स्टिरॉइडचं काम कोणाला द्याल? गोष्ट पुढे नेऊन लिहा. (सूचना : पहारेकऱ्यांना घरी पाठवायचं नाही, त्यांना जरा सबुरीने घ्यायला सांगणारा कोणीतरी हवा.)
४. सुजलेल्या हातातल्या बांगडीच्या उदाहरणावरून नसेला होणारी इजा आकृती काढून समजावा.

दुसरा प्रश्न आवर्जून घ्या. विज्ञानाच्या तासाला 'कार्यकारणभाव' हा शब्द आपण शिकवतो, आणि घरी आजारपण आलं की तोच शब्द पहिल्यांदा विसरला जातो. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींमध्ये कारण कुठलं आणि निमित्त कुठलं, हे विचारायची सवय मुलांना लागली, तर उद्या त्यांच्यापैकी कोणीतरी घरात म्हणेल, "गोळ्या थांबवू नका, आधी डॉक्टरांकडे चला, आणि आजच चला." एवढं वाक्य वेळेवर बोललं गेलं तरी एखाद्याचा हात वाचू शकतो.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा. पुढच्या पाठात त्यांची उत्तरं घेऊ.